मशागत आणि राखण : प्रस्तावना

ज्या मंडळीत माझे बालपण गेले ती नगर जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावची. सुगी संपली की एका ठरलेल्या रविवारी उपासनेला येताना जो तो आपापल्या शेतातले काही ना काही घेऊन येई; व्यासपीठापुढच्या मेजावर ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, भोपळे, अंडी, गुळाची ढेप असा पसारा मांडला जाई आणि पाय बांधून कोपऱ्यात ठेवलेला एखादा कोंबडा पाळकांच्या उपदेशाला नेमका गंभीर ठिकाणी प्रतिसाद देई. उपासना आटोपली की त्याच मेजाभोवती लिलाव पुकारला जाई. एकच अंडे चारचार वेळा विकले जाई, कारण घेणारा ते पुन्हा मेजावर ठेवी आणि त्यावर पुन्हा बोली लागे. पुकारणारा वडीलधारा गृहस्थ कणसांची जुडी उचलून धरी तेव्हा ती नुसती ज्वारी नसे; ही मालदांडी, ही दगडी, ही ओढ्याकडेच्या पट्टीतली, अशी तिची ओळख करून दिल्याखेरीज तो किंमत सांगत नसे. पुढे शहरात शिकायला गेल्यावर मधली काही वर्षे मला या सगळ्या प्रकाराची लाज वाटे. देवाचे घर म्हणावे की आठवडेबाजार, असा प्रश्न पडे. आज, या संग्रहाची प्रस्तावना लिहिताना, असे वाटते की जे मी नंतर जाड जाड ग्रंथांत शोधत बसलो ते त्या मेजावर बरेचसे मांडलेले होते : वस्तू खरी आहे, ती चांगली आहे, आपण पिकवली तरी ती आपली नाही, आणि तिला तिच्या नावाने ओळखणे हा तिच्या दात्याचे उपकार मानण्याचाच एक प्रकार आहे.

ख्रिस्ती श्रद्धा आणि सृष्टी यांचा संबंध हा या पुस्तकाचा विषय. विषयात शिरण्यापूर्वी शब्दापाशी थोडे थांबणे भाग आहे. मराठीत आपण 'निसर्ग' म्हणतो आणि 'सृष्टी' म्हणतो, आणि बहुतेक वेळा दोहोंत भेद करीत नाही; परंतु निसर्ग म्हटले की जे आपोआप, स्वभावतः आहे त्याचा बोध होतो, तर सृष्टी म्हटले की ती करणाऱ्याचा प्रश्न लगेच दारात उभा राहतो. ख्रिस्ती माणसाने दुसरा शब्द उचलला हे स्वाभाविकच होते. मात्र तो उचलताना त्याच्या पोटातला जुना अर्थही त्याच्याबरोबर आला. 'सृज्' या धातूचा मूळ भाव सोडणे, मोकळे करणे, बाहेर टाकणे असा आहे, आणि मुंडकोपनिषदातील कोळी आपल्याच अंगातून तंतू काढतो तो दृष्टांत त्या भावाला अगदी चपखल बसतो. ख्रिस्ती सिद्धान्त याहून निराळा आहे. देवाने जग आपल्या अंगातून काढले नाही, आधीच पडून असलेल्या एखाद्या द्रव्यातूनही घडविले नाही. ते नव्हते आणि त्याच्या शब्दाने झाले. यातून दोन गोष्टी निघतात. जग देव नव्हे, म्हणून त्याची पूजा करावयाची नाही. आणि जग देवाने आपखुशीने केलेले आहे, म्हणून त्याचा तिरस्कारही करावयाचा नाही. या दोन नकारांच्या मधली जी अरुंद पायवाट, तिच्यावरून चालण्याचा, कित्येकदा तिच्यावरून घसरण्याचा इतिहास म्हणजे या विषयाचा इतिहास होय.

घसरण्याची पहिली जागा बायबलाच्या पहिल्याच पानावर आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात निर्मितीची कथा दोनदा येते. पहिल्या अध्यायात मनुष्याला पृथ्वी अंकित करण्याचा व प्राण्यांवर सत्ता चालविण्याचा अधिकार मिळतो, आणि तेथील हिब्रू क्रियापदे चांगली कडक, जवळजवळ लष्करी थाटाची आहेत. दुसऱ्या अध्यायात मात्र त्याच मनुष्याला मातीतून घडवून बागेत ठेवले जाते, आणि त्याच्याकडे सोपविलेल्या कामासाठी 'अबाद' आणि 'शामर' अशी दोन क्रियापदे येतात. पहिल्याचा अर्थ कष्ट करणे आणि सेवा करणे असा दुहेरी आहे, दुसऱ्याचा अर्थ जपणे, पहारा ठेवणे. आपल्या मराठी शास्त्रात येथे 'मशागत' आणि 'राखण' हे शब्द योजले गेले, आणि माझ्या मते भाषांतराच्या इतिहासातील हा एक भाग्ययोग आहे. मशागत हा शब्द अरबी-फारसीतून, 'मशक्कत' म्हणजे कष्ट या अर्थाने आला आणि आपल्या शेतकऱ्याने तो नांगरटी-कुळवणीला असा लावून घेतला की आज त्याचे परकेपण कोणाला जाणवतही नाही. राखण तर पाखरांची, पिकाची, गावाची. कोकणात राखणदार देवही असतो. सत्तेची सनद पहिल्या अध्यायात मिळाली खरी, परंतु कामाचा तपशील दुसऱ्या अध्यायात दिला गेला, आणि नुसती सनद वाचून तपशिलाकडे काणाडोळा करणारे मुखत्यार पुढे पुष्कळ निघाले. लेवीय पुस्तकात तर जमिनीच्या मालकीचा वादच निकालात काढला आहे : जमीन देवाची, तुम्ही तिच्यावरचे उपरे आणि कुळे. जमाबंदीच्या भाषेत सांगावयाचे तर मनुष्याला पृथ्वी इनाम मिळालेली नाही, वतन म्हणूनही नाही. ती कबुलायतीने कसावयास मिळाली आहे.

सृष्टीकडे पाहण्याचा बायबलातील सर्वांत खोल पाठ मात्र उत्पत्तीत नसून ईयोबाच्या पुस्तकाच्या अखेरच्या अध्यायांत आहे, असे माझे मत आहे. आपल्यावरच्या अन्यायाचा जाब विचारणाऱ्या ईयोबाला देव वावटळीतून उत्तर देतो, पण ते उत्तर न्यायाविषयी नसतेच. पहाडावरच्या रानबकऱ्या केव्हा वितात, रानगाढवाला मोकळे कोणी सोडले, जेथे माणसाचा मागमूस नाही अशा ओसाड भूमीवर पाऊस कोणासाठी पडतो, असे प्रश्नांमागून प्रश्न येतात. माणसाच्या उपयोगाशी ज्यांचा सुतराम संबंध नाही अशा प्राण्यांची ही मिरवणूक आहे आणि तिचा यजमान त्यांच्यावर खूष आहे. १०४ व्या स्तोत्रात हाच आनंद गाण्याचे रूप घेतो. अभ्यासकांनी त्याचे इजिप्तच्या अखेनातेन राजाच्या काळातील सूर्यस्तोत्राशी असलेले साम्य दाखवून दिले आहे, आणि त्यात ओशाळण्यासारखे काही नाही, कारण कौतुक ही काही एकाच राष्ट्राची मिरास नव्हे. येशूच्या बोलण्यात तर शेते, मेंढरे, अंजिराचे झाड, मोहरीचा दाणा, पीठ आंबविणारे खमीर हीच प्रमाणे म्हणून येतात. रानातल्या फुलांकडे पाहा असे जेव्हा तो सांगतो तेव्हा त्या पाहण्याचा बोध आपण झटकन उचलतो आणि पाहणे तेवढे राहून जाते, ही आम्हा उपदेशकांची जुनी खोड आहे.

पहिल्या शतकांत संकट आले ते सृष्टीला तुच्छ लेखणाऱ्यांकडून. मार्सियन आणि निरनिराळे ज्ञानवादी पंथ यांच्या मते हे जड जग कोणा हलक्या देवाचे चुकलेले काम होते, आणि मुक्ती म्हणजे त्यातून सुटका. लियोंचा बिशप इरेनेयुस याने दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात या मताशी जो झगडा मांडला त्यावाचून ख्रिस्ती धर्माचे काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. देव स्वतः देहधारी झाला असेल, भाकर आणि द्राक्षारस ही त्याच्या उपस्थितीची चिन्हे होऊ शकत असतील, तर माती हीन कशी, हा त्याचा युक्तिवाद साधा होता आणि म्हणूनच अभेद्य होता. ऑगस्तीन नऊ वर्षे मानी पंथात राहून आला होता, त्यामुळे देहाविषयीचा एक संशय त्याच्या लेखणीत शेवटपर्यंत रेंगाळत राहिला, तरी सृष्टी चांगली आहे या मुद्द्यावर तो कधी डळमळला नाही. चौथ्या शतकात कैसरियाच्या बासिलने निर्मितीच्या सहा दिवसांवर नऊ प्रवचने दिली. कामधंद्यातून सवड काढून आलेले कारागीर त्याच्या श्रोत्यांत बसलेले असत, आणि तो त्यांना द्राक्षवेलीचे तणावे, माशांचे प्रवास, गवताचे पाते दाखवीत असे. त्याचे प्राणिशास्त्र आज जागोजागी चुकीचे ठरले आहे. त्याचे लक्ष मात्र चुकीचे ठरलेले नाही.

मध्ययुगाचा विस्तार मोठा आहे, त्यातून निवडच करावी लागते. बेनेदिक्तच्या नियमात मठाच्या कोठाराची साधी अवजारेही वेदीवरच्या पात्रांइतकी पवित्र मानावी अशी आज्ञा आहे, आणि कुदळीला कलशाच्या पंक्तीला बसविणारे हे एक वाक्य पुष्कळ तात्त्विक ग्रंथांना भारी आहे. ऱ्हाईनकाठची हिल्डेगार्ड (१०९८–११७९) वनस्पतींचे गुणधर्म लिहून ठेवी आणि देवाच्या जीवनदायी शक्तीला 'हिरवेपण' म्हणे. अक्वीनाच्या तोमासाने विचारले की सृष्टीत इतक्या नाना जाती कशाला. आणि उत्तर दिले की देवाचा चांगुलपणा कोणा एका प्राण्यात मावण्यासारखा नाही, म्हणून एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढावे अशी योजना आहे. जातिवैविध्याचा आजचा कैवार घेणाऱ्यांना याहून जुना आणि याहून भक्कम वकील मिळणे कठीण.

असिसीच्या फ्रान्सिसविषयी मात्र भीतभीतच लिहावे लागते, कारण बागेतल्या सिमेंटच्या पुतळ्यांनी आणि खांद्यावरच्या कबुतरांनी त्याला इतके गोंडस करून टाकले आहे की त्याची धग जाणवेनाशी झाली. सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारे, पाणी, वारा, अग्नी यांनाही नात्यात ओढणारे त्याचे प्रसिद्ध गीत त्याने १२२५ च्या सुमारास रचले, आपल्या उंब्रियातील लोकभाषेत रचले. त्या वेळी त्याच्या डोळ्यांचा रोग इतका बळावला होता की त्याला उजेड सोसवत नसे, आणि ज्या झोपडीत तो पडून होता तेथे उंदरांनी त्याला रात्ररात्र छळले होते. ज्याला सूर्य पाहवत नव्हता त्याने सूर्याची स्तुती केली, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या गीताला निसर्गवर्णन म्हणण्याचे धाडस होत नाही. त्याची आणखी एक आठवण त्याच्या चरित्रकारांनी जपली आहे : मठाच्या बागेत सगळीच जमीन भाजीपाल्याखाली आणू नये, काही भाग रानगवताला आणि फुलांना मोकळा सोडावा, असे त्याने माळीकाम करणाऱ्या बंधूला सांगून ठेवले होते. आमच्या एका मंडळीने, तिचे नाव सांगत नाही, मंदिरापुढचा जुना कडुनिंब तोडून तेथे फरशी बसविली आणि झाडाची पाने पडून कचरा होतो असे कारण दप्तरात नोंदविले, तेव्हा मला त्या माळ्याची आठवण झाली होती. फ्रान्सिसच्या परंपरेतील बोनावेंतुराने पुढे हे सगळे तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडले, आणि प्रत्येक वस्तूत निर्मात्याच्या पाऊलखुणा वाचण्याची रीत घालून दिली.

सुधारणेनंतरच्या युरोपात सृष्टी म्हणजे देवाचा दुसरा ग्रंथ ही जुनी कल्पना नव्या उत्साहाने पुढे आली. कॅल्विन जगाला देवाच्या वैभवाची रंगभूमी म्हणे. इंग्लंडात जॉन रे याने १६९१ साली निर्मितीतील देवाच्या ज्ञानावर ग्रंथ लिहिला, आणि तो स्वतः अव्वल दर्जाचा वनस्पतिशास्त्रज्ञ असल्यामुळे त्याच्या भक्तीला तपशिलाचे वजन होते. १८०२ मध्ये विल्यम पेलीने घड्याळावरून घड्याळजी सिद्ध करावा तशी सृष्टीवरून देवाची सिद्धी मांडली. तरुण डार्विनने केंब्रिजमध्ये ती वाचली, तिचे कौतुक केले, आणि १८५९ मध्ये स्वतःच्या ग्रंथाने तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली. पेलीचा पराभव हा श्रद्धेचा पराभव होय असे पुष्कळांना वाटले. मला ते कधीच पटले नाही. कारण घड्याळात आपल्याला रस असतो तो घड्याळजीपुरता, आणि एकदा तो सिद्ध झाला की घड्याळ बाजूला ठेवता येते. ईयोबाला रानबकरी बाजूला ठेवता आली नाही. पुराव्यादाखल मांडलेल्या सृष्टीवर कौतुक ठरत नाही, आणि १८६६ साली ब्रनोच्या मठातील ग्रेगोर मेंडेल वाटाण्यांविषयी आपला निबंध छापवीत होता तेव्हा तो काही सिद्ध करण्याच्या भरीस न पडता वाटाणे मोजत होता.

आता आपल्या भूमीकडे वळू. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरलेला इंग्रज जेज्वित थॉमस स्टीफन्स याने प्रवासाची हकीकत आपल्या वडिलांना लिहून कळविली. त्या पत्रात समुद्रावर तरंगणाऱ्या एका प्राण्याचे वर्णन आहे : वर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा पण त्याहून सुंदर रंगाचा भाग, आणि खाली पाण्यात लोंबणारे, त्याला उलटू न देणारे धागे. ज्या डोळ्यांनी हा तुरा टिपला त्याच डोळ्यांनी पुढे सासष्टीतील झाडेझुडपे पाहिली, आणि १६१६ मध्ये रायतूरला छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त मराठीचे थोरपण सांगताना फुलांत मोगरी, पाखरांत मोर अशी उपमांची रास घातली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला असला तरी त्याची सृष्टी येथली आहे. पहिल्या भागातील निर्मितीकथा ओवीच्या चालीत उतरताच एदेन बाग कोकणच्या अंगणाला लागून वसते. या गोष्टीचा अभिमान बाळगताना त्याच सासष्टीत १५६७ साली देवळे पाडली गेली होती हे विसरता येत नाही. सह्याद्रीतील देवराया ज्या श्रद्धेने शतकानुशतके राखल्या ती श्रद्धा ख्रिस्ती नव्हती, आणि राखणीचा धडा आम्ही शेजाऱ्याकडूनही घ्यावयास हवा होता, हे येथे मोकळेपणाने लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

बंगालमधील श्रीरामपूरच्या विल्यम केरीला मराठी वाचक १८०५ च्या व्याकरणाचा आणि १८१० च्या कोशाचा कर्ता म्हणून ओळखतात. मिशनऱ्याच्या कामाइतकाच त्याचा जीव बागेत गुंतलेला असे. विलायतेहून आलेल्या बियांच्या पिशवीची माती त्याने सावलीच्या जागी झटकली आणि काही दिवसांनी तिच्यातून डेझीची इवली रोपे वर आली तेव्हा त्याला झालेला आनंद त्याने पत्रात लिहून ठेवला आहे. १८२० मध्ये त्याने कृषी व उद्यानविषयक संस्था स्थापिली, आणि रॉक्सबर्गचा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ संपादून छापला. रॉक्सबर्गने त्याचे नाव ज्या झाडाला दिले ते झाड आपल्या परिचयाचे आहे. सह्याद्रीत सर्वत्र आढळणारा, रात्री फुलून सकाळी झाडाखाली केसरांचा सडा घालणारा कुंभा हा शास्त्रीय नावाने 'केरिया आर्बोरिया' आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात एथेलबर्ट ब्लाटर (१८७७–१९३४) या स्विस जेज्विताने वनस्पतिसंग्रह उभा केला, आणि त्याच परंपरेतील स्पॅनिश जेज्वित हर्मेनेगिल्ड सांतापाऊ (१९०३–१९७०) यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींची बारकाईने नोंद केली. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले, आणि सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांपैकी एका जातीला त्यांचे नाव मिळाले. वाळविलेल्या फांदीखाली चिठ्ठी लावून तिचे नाव, स्थळ आणि तारीख लिहिणे ही प्रार्थना म्हणता येईल का, असे मला कोणी विचारले तर मी होय म्हणेन. एदेन बागेत मनुष्याने केलेले पहिले स्वतंत्र काम प्राण्यांना नावे देण्याचे होते.

आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक. करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला महाराष्ट्राने फुलामुलांचा कवी म्हटले. हे बिरुद प्रेमाचे असले तरी त्याने थोडा घोटाळाही केला, कारण त्यामुळे टिळकांचे सृष्टिप्रेम हा एक हळवा स्वभावविशेष ठरला आणि त्यामागचा तत्त्वविचार नजरेआड झाला. 'केवढे हे क्रौर्य' ही जखमी पक्षिणीची कविता शाळेत पाठ केलेल्या पिढ्यांना तिच्यातील करुणा ठाऊक आहे. पण कोणाच्याही हिशेबात नसलेला एक जीव संपूर्ण कवितेचा नायक होऊ शकतो, आणि 'वनवासी फूल'मध्ये कोणी न पाहिलेल्या फुलाशी दीर्घ संवाद होऊ शकतो, ही ईयोबाच्या अखेरच्या अध्यायांचीच शिकवण आहे. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहिले, आणि मराठी निसर्गकवितेचा झरा कोणत्या अंगणातून वाहत गेला याचा साक्षीपुरावा टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे.

ग्रंथांच्या बाहेर, सणावारांत, हा विचार अधिक ठसठशीत दिसतो. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या आरंभी आगेरा साजरा होतो आणि भाताच्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेल्या जातात. गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते. मंगळूरकडच्या कोंकणी ख्रिस्तीजनांत ८ सप्टेंबरला मोंती फेस्ताच्या जेवणात नव्या भाताचे दाणे मिसळले जातात, आणि त्याआधीचे नऊ दिवस मुले मारियेच्या मूर्तीपुढे फुले वाहतात. २४ जूनला सांजांवाच्या दिवशी डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारणाऱ्या गोव्याच्या तरुणांना कोणी देवशास्त्र विचारू नये. भरलेल्या विहिरीचा आनंद त्यांना कळलेला असतो.

विसाव्या शतकात या विषयाला फिर्यादीचे रूप आले. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातील आपल्या लेखात पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मावर आरोप ठेवला की, मनुष्याला सृष्टीचा धनी ठरवून या धर्माने तिच्या लुटीला मोकळीक दिली. आरोपी पक्षाने पुष्कळ आरडाओरडा केला. परंतु व्हाइट हे स्वतः ख्रिस्ती होते आणि लेखाअखेरीस त्यांनी फ्रान्सिसला पर्यावरणाचा संरक्षक संत करावे असे सुचविले होते, हे वाचण्याइतका धीर थोड्यांनाच राहिला. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसे जाहीर केले. १९८९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख दिमित्रियोस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरविला, आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढले, ज्याचे नाव त्याच उंब्रियन गीतातून घेतलेले आहे.

या मंथनातून जे विचारप्रवाह पुढे आले त्यांची तोंडओळख नवख्या वाचकाला असावी. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कारभारीपणाचा विचार रूढ आहे : मालक देव, मनुष्य त्याचा कारभारी, एक दिवस हिशेब द्यावयाचा. हा विचार समजण्यास सोपा आणि अंमलात आणण्यास सोयीचा आहे. त्यातील दोष एवढाच की कारभाऱ्याला मालमत्तेविषयी प्रेम असलेच पाहिजे असे नाही, आणि मालक परगावी असला की कारभारी हळूहळू मालकासारखा वागू लागतो, हा आपल्या इतिहासाचाही अनुभव आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा मनुष्याला सृष्टीचा याजक मानते, तिला उचलून देवापुढे अर्पण करणारा. फ्रान्सिस्कन परंपरा त्याला भाऊबंदांतला एक मानते. तेयार द शार्दें यांच्यापासून निघालेला एक प्रवाह उत्क्रांतीच्या संपूर्ण ओघातच ख्रिस्ताचे कार्य पाहतो. त्याची भव्यता मला मान्य आहे, पण इतक्या उंचीवरून गवताचे पाते दिसत नाही. आणि जमीन, पाणी व जंगल यांवर ज्यांचे पोट आहे अशा दलित, आदिवासी, मच्छीमार यांच्या बाजूने बोलणारा प्रवाह विचारतो की सृष्टीचे कौतुक करावयाला फुरसत कोणाला आहे आणि तिच्या नासाडीची किंमत कोण मोजतो. त्या प्रश्नाला बगल देणारे सृष्टिप्रेम हे बंगल्यातल्या कुंड्यांचे प्रेम होय.

हा प्रश्न आपल्याकडे ज्यांनी आधी ओळखला त्यांत जे. सी. कुमारप्पांचे नाव पहिले घ्यावे लागेल. तंजावरकडचा हा ख्रिस्ती हिशेबतपासनीस गांधीजींच्या हाताखाली वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन बसला, १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहू लागला, आणि १९४२ नंतरच्या तुरुंगवासात त्याने चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. निसर्गात लुबाडून जगणारे प्राणी आहेत तसा मधमाशीसारखा समूहासाठी साठविणाराही आहे, आणि आपल्या पिलांसाठी मोबदल्याविना झिजणारी पक्षिणीही आहे. माणसाच्या अर्थव्यवहारांची प्रतवारी त्याने या क्रमाने लावली. हिशेबतपासनीसाने मधमाशी इतकी लक्ष देऊन पाहावी, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

आज या पुस्तकाची गरज काय, याचे उत्तर द्यावयास दूर जावे लागत नाही. वसईच्या ज्या वाड्यांतून पानवेली, राजेळी केळी आणि फुले मुंबईला जात, तेथील बावखले, म्हणजे वाड्यांतली तळी, बुजत गेली आणि विहिरींचे गोडे पाणी टँकरांत चालले, तेव्हा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी 'हरित वसई'चा झेंडा घेऊन रस्त्यावर आले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेले आणि २०२४ मध्ये निवर्तलेले दिब्रिटो बायबलाचे भाषांतरकार होते. 'राखण' या शब्दाचा अर्थ त्यांनी कोशात पाहून घेतला नव्हता. नगरच्या दुष्काळी पट्ट्यात हर्मन बाकर या स्विस जेज्विताने पाणलोटाचे काम उभे केले; माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणून, बांध घालून, चराई बंद ठेवून डोंगर पुन्हा पाणी धरू लागतो हे गावकऱ्यांनी स्वतःच्या हाताने करून पाहिले. या दोन्ही कामांत भाषण थोडे होते आणि जमिनीची माहिती पुष्कळ होती.

प्रस्तुत संग्रह याच ठिकाणी आपले काम सुरू करतो. संपादकांनी लेखकांना एकच अट घातली होती : सृष्टीविषयी लिहू नका, सृष्टीतल्या एका वस्तूविषयी लिहा. म्हणून येथे कोणी एका विहिरीवर लिहिले आहे, कोणी एका बोरीच्या झाडावर, कोणी मासेमारीच्या जाळ्यात सापडणाऱ्या निरुपयोगी म्हणून फेकल्या जाणाऱ्या माशांवर. लिहिणाऱ्यांत शेतकरी आहेत, भगिनी आहेत, शिक्षक आहेत, एक निवृत्त वनरक्षक आहे, आणि ज्यांचे हे पहिलेच लेखन आहे असेही काही आहेत. सगळ्यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि देवाचे नाव काही लेखांत एकदाही आलेले नाही. त्यावरून लेखक अश्रद्ध आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये, एस्तेरच्या हिब्रू पुस्तकातही ते आलेले नाही. उणिवाही आहेत. आदिवासी ख्रिस्तीजनांचा आवाज येथे जितका हवा होता तितका नाही, खाणी आणि बंदरे यांवर कोणी लिहिले नाही, आणि एकदोन लेखांत उपदेशाचा कोंबडा मध्येच आरवतो. माझ्या या प्रस्तावनेतही तो आरवला असेल तर वाचकांनी क्षमा करावी.

वनस्पती आणि प्राणी यांची नावे प्रत्येक लेखकाच्या गावात जशी बोलली जातात तशीच ठेवली आहेत, त्यामुळे एकच झाड तीन लेखांत तीन नावांनी भेटेल. ही नावे एकत्र करून त्यांची सूची पुढील आवृत्तीत जोडावी असा संपादकांचा मानस आहे. आपल्याकडे एखाद्या झाडाला, गवताला, पाखराला किंवा माशाला निराळे नाव असेल तर वाचकांनी ते प्रकाशकांच्या पत्त्यावर अवश्य कळवावे, आणि नावाबरोबर गाव व तालुका लिहिण्यास विसरू नये.